ज्याच्याकडे उलटा खिळा नाही असं एआय : छपाईच्या कामात आठ महिने वापरल्यावर

बार्शीत एसटी स्टँडच्या अलीकडे आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बिलबुकं, दशक्रियेच्या पत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, पडेल ते काम घेतो. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रेडल हे जुनं छपाईचं मशीन चालू होतं. मराठी टंकलेखनाची तीसची आणि चाळीसची परीक्षा पास झालेली सून मिळाली म्हणून त्यांनी मला संगणकावर बसवलं आणि श्री-लिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकायला लावलं. त्याला आता तेवीस वर्षं झाली.

मार्च २०२५ मध्ये, लग्नसराई तोंडावर आलेली असताना, आम्ही एका एआय सेवेचं वर्षाचं सभासदत्व घेतलं. महिना आठशेच्या हिशेबानं ९,६०० रुपये एकदम भरले. मजकूर लिहून मिळेल, शुद्धलेखन तपासून मिळेल, बोललेलं टाइप होईल, चित्रं काढून मिळतील, जुने फोटो साफ होतील आणि हे सगळं मराठीत होईल, असं जाहिरातीत होतं. सेवेचं नाव मी लिहीत नाही, कारण नंतर फुकटातली आणखी तीन साधनं वापरून पाहिली आणि खोड सगळीकडे तीच निघाली. आता तुळशीची लग्नं लागली, पत्रिकांची कामं पुन्हा सुरू झाली. माझ्यासारखे छोटे छपाईवाले सध्या याच विचारात असतील की घ्यावं का नको. त्यांच्यासाठी, जे घडलं ते लिहिते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. फोटोमागचं बॅकग्राउंड काढायला मला वीस-वीस मिनिटं लागायची, केसांच्या कडा तर डोळ्यांत पाणी आणायच्या. ते काम आता दोन मिनिटांत होतं आणि नीट होतं. दर वर्षी शिवकाशीहून कॅलेंडरं मागवताना इंग्रजीत पत्रं लिहावी लागतात, तिथं मी अडखळायचे. हे साधन मी सांगितलेलं स्वच्छ इंग्रजीत मांडून देतं आणि पलीकडून उत्तरही लगेच येतं. या दोन कामांसाठी मी त्याचे आभार मानते. मराठीत शिरलं की मात्र त्याचा तोल जातो.

रविवार, १८ मे २०२५ चं एक लग्न होतं. मुलाकडची पत्रिका, ४०० नग. मुलाच्या वडिलांना महिनाभर आधी अर्धांगाचा झटका आलेला आणि ते सोलापूरला दवाखान्यात होते. म्हणून निमंत्रक म्हणून आईचं नाव घालायचं ठरलं. मुलाच्या थोरल्या बहिणीनं मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला, मी टाइप केला आणि शुद्धलेखन तपासायला यंत्राकडे दिला. त्यानं सहा ठिकाणी दुरुस्ती सुचवली. पहिल्या चार मी वाचल्या, चारही बरोबर होत्या, दोन वेलांट्या, एक अनुस्वार, एक जोडाक्षर. दुकानात त्या दिवशी गर्दी होती. ‘सर्व दुरुस्त्या स्वीकारा’ असं बटण असतं, ते मी दाबलं. बटर पेपरवर प्रिंट काढली, त्यावरून छपाईची जाळी म्हणजे स्क्रीन बनवली, छपाई सुरू झाली.

अण्णा ७९ वर्षांचे आहेत. दुपारच्या चहाला दुकानात येतात आणि वाळत ठेवलेल्या पत्रिकांतली एक उचलून हातभर लांब धरून वाचतात. त्यांची ती जुनी सवय आहे. त्या दिवशी ते वाचता वाचता थांबले आणि मला म्हणाले, “पोरी, या बाईंचे मालक गेले का गं?”

मी म्हटलं, “नाही अण्णा, दवाखान्यात आहेत, पण बरे होताहेत.”

त्यांनी पत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. मी धावत जाऊन मशीनवर पाहिलं. ‘सौ.’ च्या जागी ‘श्रीमती’ छापलं जात होतं. १२० पत्रिका झाल्या होत्या.

मराठी वाचणाऱ्याला यातलं काही समजावून सांगायला नको. हिंदीत नवरा हयात असलेल्या बाईला श्रीमती म्हणतात आणि ते मानाचं असतं. आपल्याकडे कचेरीच्या कागदावर श्रीमती कुणालाही चालतं, पण लग्नाच्या पत्रिकेत वरमाईच्या नावामागे सौ. ऐवजी श्रीमती आलं की वाचणारा एकच अर्थ काढतो. आणि या घरात तर तो अर्थ निघू नये म्हणून सगळे देवाला हात जोडून बसलेले. त्या १२० पत्रिका मी रद्दीत टाकल्या नाहीत. संध्याकाळी बसून एकेक फाडली. अठरा रुपयांचं एक कार्ड, म्हणजे २,१६० रुपये गेले, शिवाय नवी स्क्रीन. बटण मी दाबलं होतं, तेव्हा नुकसान आम्हीच सोसलं. मुलाच्या बहिणीला फोन करून घडलं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “ताई, एखादी बाहेर तर गेली नाही ना?” नाही गेली. पण अण्णा त्या दिवशी चहाला आले नसते तर ४०० च्या ४०० गेल्या असत्या.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना विचारलं, तुमच्या वेळी असा घोळ व्हायचा नाही का? ते म्हणाले, घोळ रोज व्हायचे. हस्तलिखितात अक्षर लागत नसे, नाव सुर्वे की सुर्वें कळत नसे. पण शंका आली की ते अंदाजानं अक्षर लावत नसत. त्या जागी खिळा उलटा बसवत. उलट्या खिळ्याचा तळ वर येतो, त्यामुळे प्रुफात, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापात, तिथं अक्षराऐवजी काळा ठोकळा उमटतो. मुद्रितशोधकाला आणि गिऱ्हाइकाला तो ठोकळा लांबूनच दिसतो, आणि तो भरल्याशिवाय कुणी छपाईला हो म्हणत नाही.

या यंत्राकडे उलटा खिळा नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. चुकतं ते ठीक, चुका मीही करते. पण त्याला शंका येत नाही, आणि आली तरी ते ती दाखवत नाही. जिथं त्याला माहीत नाही तिथंही ते तितक्याच ठाम, तितक्याच गुळगुळीत अक्षरांत काहीतरी भरून मोकळं होतं.

नावांचं बघा. हल्ली लोक नावांची यादी इंग्रजी अक्षरांत पाठवतात. आम्ही ती देवनागरीत करतो. पूर्वी मी एकेक नाव फोनवर विचारायचे. यंत्राला यादी दिली की क्षणात देवनागरी होते, आणि त्यात काळे यांचे ‘काले’, कांबळे यांचे ‘कांबले’, साळुंखे यांचे ‘सालुंखे’, माळी यांचे ‘माली’ होतात. हिंदीत ळ नाही, म्हणून यंत्राच्या डोक्यातही तो पटकन येत नाही. काही वेळा ते बरोबर ळ घालतं, तेव्हा तर जास्त धोका, कारण आपण विश्वासून पुढे जातो आणि सातव्या ओळीत ‘काले’ बसलेलं असतं. एकाच यादीत सख्ख्या भावांपैकी एक काळे आणि एक काले, असंही मी पाहिलंय. पाटील यांचं ‘पाटिल’ तर रोजचंच. इंग्रजी अक्षरांवरून ढोले की ढोळे हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. मी विचारते. यंत्रानंही विचारायला हवं: “या नावात ल की ळ?” एवढा एकच प्रश्न. आठ महिन्यांत त्यानं तो एकदाही विचारला नाही.

बोलून टाइप करायची सोय मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. ‘सौ’ म्हटलं की ते १०० लिहायचं, कारण हिंदीत सौ म्हणजे शंभर. ‘पावणेबारा’ म्हटलं की १२:४५. मुहूर्ताची वेळ एका तासानं चुकली तर पत्रिकेचा उपयोगच काय?

ऱ्य चं दुखणं वेगळं आहे आणि ते थोडं खोलात सांगण्यासारखं आहे. जूनमध्ये इथल्या स्वयंपाकाची कामं घेणाऱ्या मंडळींनी मेळावा ठेवला होता. फ्लेक्सवर ओळ होती: ‘तालुक्यातील सर्व आचाऱ्यांना कळविण्यात येते की...’ यंत्रानं ती दुरुस्त केली: ‘सर्व आचार्यांना कळविण्यात येते’. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतो. अनेकवचनात दोघांत फरक राहतो तो फक्त त्या य वरच्या खुणेचा, एकात रफार आणि दुसऱ्यात ती पापणीसारखी आडवी रेघ. दऱ्या आणि दर्या यांतही तेच. हिंदीला ही खूण लागत नाही, म्हणून यंत्राला ती चूक वाटते. ‘वऱ्हाडी’ हा शब्द तर लग्नाच्या पत्रिकेत हटकून येतो. त्याचं ते कधी ‘वर्हाडी’ करतं, कधी ‘व-हाडी’, मध्ये आडवी रेघ घालून. ही ‘व-हाडी’ कुठून आली ते मला नेमकं ठाऊक आहे. इंटरनेटवर मराठी नवी असताना फाँटांत ही खूण नीट उमटायची नाही, म्हणून लोक छोटी रेघ मारून वेळ भागवायचे. मीही मारली आहे. अडचणीतला तो जुगाड तसाच पडून राहिला आणि आता यंत्र तो आम्हालाच शुद्धलेखन म्हणून शिकवतंय. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनानं मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. अठराच नियम आहेत, छोटीशी पुस्तिका होते. शुद्धलेखन तपासण्याचे पैसे घेणाऱ्यानं ती एकदा वाचावी, ही अपेक्षा जास्त आहे का?

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या मुलानं मला समजावलं की ही यंत्रं शब्दाचा अर्थ लावून लिहीत नाहीत, आधीच्या शब्दांवरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त ते पाहून लिहितात, आणि ती शक्यता शिकतात इंटरनेटवरच्या मजकुरातून. तो मजकूर बहुतेक इंग्रजी. देवनागरीतला पाहिला तर हिंदी पुष्कळ, मराठी त्यामानानं थोडा. २०११ च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे ५२.८ कोटी आणि मराठी ८.३ कोटी होते, म्हणजे मुळातच फरक मोठा. लिपी एकच असल्यामुळे मराठी वाक्य हळूहळू हिंदीकडे कलतं. हे ऐकल्यावर मला बऱ्याच गोष्टी उलगडल्या. पत्रिकेचा मसुदा मागितला तर ‘चि. सौ. कां.’ च्या जागी ‘आयुष्मती’ का येतं, खाली ‘दर्शनाभिलाषी’ का येतं, आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीऐवजी ‘माझ्या मामाच्या लग्नात जलूल जलूल या’ का येतं. ती हिंदी पत्रिकेतली बोबडी ओळ शब्दशः मराठीत उतरवली आहे. मराठी पोर ‘जलूल’ म्हणत नाही.

पण कारण कळलं म्हणून माल चालत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही दुकानाबाहेर स्वतःच्या खर्चानं फ्लेक्स लावला होता. त्या भाषेचं नाव घालून पैसे घेता, तर तिच्यात सौ. म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असायला हवं.

तिथी आणि महिन्यांचा घोळ तर सरळ सरळ फसवणारा आहे. त्याच १८ मे च्या पत्रिकेत यंत्रानं ‘ज्येष्ठ कृष्ण पक्ष, विक्रम संवत २०८२’ असं लिहून दिलं होतं. आपल्याकडे तो दिवस वैशाख वद्यातला, शके १९४७. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं. पत्रिकेतलं मी पकडलं. जुलैमध्ये मात्र एका महादेवाच्या देवळाच्या मंडळानं स्वतःच यंत्राला विचारून आणलेला मजकूर माझ्याकडे आला: पहिला श्रावणी सोमवार १४ जुलै, महाप्रसाद. उत्तरेत २०२५ चा श्रावण ११ जुलैला लागला आणि पहिला सोमवार १४ ला आला हे खरं. महाराष्ट्रात श्रावण लागला २५ जुलैला, पहिला सोमवार २८ ला. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पोरांसमोर ठेवलं तेव्हा त्यांना पटलं. त्यांनी आचाऱ्याला १४ चा विसार देऊन ठेवला होता.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मराठी पंचांग छापलं. तेव्हापासून आपल्याकडे महिना कुठं सुरू होतो हे छापील स्वरूपात पडून आहे. यंत्रानं निदान एवढं विचारावं, महाराष्ट्रातलं सांगू की उत्तरेतलं?

आता ज्या गोष्टीनं माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागलं ती सांगते.

ऑगस्टमध्ये जवळच्या एका गावातून दोन बहिणी आल्या. वडील वारले होते, दशक्रियेचा फ्लेक्स करायचा होता, तीन बाय चार फुटांचा. आबा माळकरी, चाळीसेक वर्षं आषाढीची वारी केलेली. त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. मोबाइलवर दिंडीतला एक फोटो होता, पंधरा-वीस माणसं, त्यात आबांचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. एवढा छोटा चेहरा तीन फुटांवर नेला की नुसते चौकोन दिसतात. मी तो तुकडा कापला आणि यंत्राच्या ‘फोटो स्पष्ट करा’ मध्ये टाकला. दहा सेकंदांत चेहरा आला. सुरकुती न् सुरकुती दिसत होती, डोळ्यांत चमक होती. मला वाटलं, आज या यंत्रानं खरं पुण्याचं काम केलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

धाकटी म्हणाली, “फोटो चांगलाय ओ ताई. पण हे कोण?”

थोरली खुर्ची ओढून जवळ आली. तिनं बोटानं एकेक दाखवलं. आबांचा वरचा पुढचा दात पडलेला होता, इथं सगळे दात होते. कपाळावर गोपीचंदनाचा टिळा होता तो राहिला होता, पण त्यातला बुक्क्याचा काळा ठिपका गेला होता. यंत्रानं तो डाग समजून पुसला. गळ्यातली तुळशीची माळ गुळगुळीत, एकसारख्या गोल मण्यांची झाली होती. उजव्या भुवईत बैलाचं शिंग लागून केस गेलेले होते, तिथं भुवई पूर्ण होती. “आबा हसताना तोंडावर हात धरायचे,” ती म्हणाली, “दातामुळं.” मग दोघी रडायला लागल्या आणि मला काय करावं सुचेना.

फोटोत जे दिसत नव्हतं ते यंत्रानं दुसऱ्या हजारो म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवरून भरलं होतं. धूळ झटकून जुना चेहरा वर काढावा तसं ते काम नव्हतं. आबांसारखाच एक अनोळखी म्हातारा त्यानं तयार केला होता, आणि ‘स्पष्ट केलेला फोटो’ असं नाव देऊन तो आबांच्या लेकींसमोर ठेवला होता. कुठंही सूचना नाही की हा भाग मूळ फोटोत नाही, आम्ही घातला आहे. त्या बहिणी आल्या नसत्या, नुसता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला असता, तर दहाव्याला परक्याच माणसाच्या फोटोला हार घातला गेला असता.

शेवटी मी मूळ तुकडाच घेतला. हातानं थोडा उजेड वाढवला, तीन फुटांचा हट्ट सोडला, फोटो आठ इंचांचा ठेवला आणि भोवती अभंगाच्या ओळी मोठ्या घेतल्या. थोडा धूसर आला. पण दात पडलेला, भुवई तुटलेली, बुक्का लावलेला. त्या कामाचे पैसे घ्यायचं माझं मन झालं नाही.

तेव्हापासून माणसाच्या चेहऱ्याला मी हे साधन लावत नाही. दुसऱ्या छपाईवाल्यांनाही हात जोडून सांगते, लावायचंच असेल तर मूळ फोटो शेजारी ठेवून घरच्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका.

चित्रांचं फार सांगत नाही. मराठी नवरा-नवरी मागितले तर नवऱ्याच्या तोंडावर फुलांचा सेहरा येतो. मुंडावळ्या लिहून मागितल्या तर कपाळावर मोत्यांची पट्टी येते, दोन्ही बाजूंनी सुटणाऱ्या लडी येत नाहीत. नथ मागितली तर साखळी असलेली मोठी गोल नथनी येते. नऊवारीला काष्टा नसतो. चित्रातच ‘शुभविवाह’ लिहायला सांगितलं तर ‘शुभ’ कसंबसं येतं आणि ‘विवाह’ मध्ये एखादी वेलांटी हवेत लटकते, कारण ते अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखं दिसणारं चित्र काढतं. मजकूर मी वेगळाच टाकते. त्यातही त्यांच्या तयार फाँटात ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असा ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे. संगणकाच्या दृष्टीनं दोन्ही ल एकच, फक्त फाँट मराठी वळण दाखवणारा हवा. एवढं साधं काम राहिलंय. अण्णांना तो हिंदी ल दिसला की ते चष्मा पुसायला घेतात.

ऑगस्टमध्येच मी सभासदत्व बंद करायचं ठरवलं. मदतीसाठी फोन नंबर नाही, माणूस नाही, तिथंही यंत्रच. मी मराठीत विचारलं, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का? उत्तर आलं, “निश्चितच! आपली उर्वरित रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत जमा होईल.” दहा दिवस थांबले. मग इंग्रजीत ईमेल आला की वार्षिक सभासदत्वाचे पैसे परत करण्याची तरतूदच नाही. मी स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे, मदत करणाऱ्या यंत्राची उत्तरं केवळ माहितीसाठी असतात.

माझ्या मुलानं यावर एक निकाल शोधून दिला. कॅनडात एका माणसाची आजी वारली. तो विमानाचं तिकीट काढत होता तेव्हा एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं त्याला सांगितलं की तिकीट काढल्यावर ९० दिवसांत अर्ज केला तरी अशा प्रसंगाची सवलत मिळेल. तसा नियमच नव्हता. कंपनीनं पैसे नाकारले, वर बाजू अशी मांडली की चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानं ते मानलं नाही. संकेतस्थळावर जे काही सांगितलं जातं त्याची जबाबदारी कंपनीचीच, मग ते साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडी, असं म्हणून त्या माणसाला खर्चासकट सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, हे मला कळतं. पण दुकानात बसवलेल्या पोरानं गिऱ्हाइकाला शब्द दिला तर तो दुकानाचा शब्द असतो. बाजारपेठेत आम्ही असंच वागत आलो.

आता मी काय करते ते सांगते. बॅकग्राउंड काढणं आणि इंग्रजी पत्रं एवढ्यापुरतंच यंत्र वापरते, आणि एवढ्यासाठी महिना आठशे रुपये फार झाले, शंभर-दीडशे ठीक. मराठी मजकूर त्याच्याकडे पाठवत नाही. नावं पुन्हा फोनवर विचारते. शंका असेल तिथं प्रुफात काळा चौकोन टाकते, कंपोझमध्ये तो सहज मिळतो, आणि पीडीएफ पाठवताना सांगते की काळे चौकोन भरून द्या. गिऱ्हाईक पहिल्यांदा बुचकळ्यात पडतं, पण लगेच फोन करतं, आणि फोन आला की ल आहे की ळ, वडील हयात आहेत की नाहीत, आईच्या नावामागे काय लावायचं, सगळं दोन मिनिटांत कळतं. काही घरी हल्ली आईच्या नावामागे काहीच नको म्हणतात, नुसतं नाव लिहा म्हणतात. मला ते आवडतं. पण तेही विचारल्यावरच कळतं.

ही सेवा बनवणाऱ्यांपैकी कुणी मराठी माणूस हे वाचत असेल तर त्यानं एक दिवस आमच्या दुकानात येऊन बसावं. चहा आमचा. सौ., श्रीमती, चि., कै., वै., ह.भ.प. यांतलं कुठलं कुणाच्या नावामागे कधी लागतं, हे अण्णा एका दुपारी सांगतील. दुरुस्ती करण्याआधी यंत्रानं एका ओळीत प्रश्न विचारावा, आणि फोटोत स्वतः भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवावा, या दोन गोष्टी केल्या तर मी पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरीन. सध्या पाचपैकी दोन तारे देते, तेही बॅकग्राउंडच्या कामासाठी.

पैसे परत न मिळाल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंदवली आहे. तक्रार क्रमांक मिळाला, उत्तर यायचं आहे. वर्ष मार्चमध्ये संपतं. तेव्हा पुढचे ९,६०० आपोआप कापले जाऊ नयेत म्हणून ऑटो-पे आजच बंद केलं.